मेडे कॉलची प्रॅक्टिस: १२१.५ ला हात न लावता तोंडात कशी बसवायची

आरटीआरची, म्हणजे विमानाचा रेडिओ वापरायच्या परवान्याच्या परीक्षेची, तयारी करणारी पोरं दर बॅचला फिरून फिरून एकच विचारतात, सर एकदा तरी खऱ्या फ्रिक्वेन्सीवर इमर्जन्सी कॉल मारून बघता येईल का, क्लासमध्ये भिंतीकडे बघून मेडे मेडे म्हणण्यात काय फील येत नाही. उत्तर आधीच देऊन टाकतो म्हणजे विषय संपला: भारतात नाही. १२१.५ मेगाहर्ट्झ ही फक्त खऱ्या अडचणीसाठी ठेवलेली फ्रिक्वेन्सी आहे, तिच्यावर प्रॅक्टिस नाही, रेडिओ चेक नाही, "हॅलो ऐकू येतंय का" नाही. आणि कोणी ऑनलाइन एअरबँडचा, म्हणजे विमानांच्या फ्रिक्वेन्सीचा, हँडहेल्ड मागवून जुहूच्या चौपाटीवर बसून ट्राय करायच्या विचारात असेल तर बाबा रे, विनापरवाना ट्रान्समिट करणं हा सरळ गुन्हा आहे, करिअर सुरू व्हायच्या आधीच फाइल उघडेल. पण प्रॅक्टिस करता येते, भरपूर करता येते, आणि ती कुठे आणि कशी करायची तेच खाली लिहितोय. जगात एक देश असा आहे जिथे खऱ्या १२१.५ वर विद्यार्थ्यांना प्रॅक्टिस करू देतात, त्याचंही शेवटाकडे सांगतो, कारण आपल्याकडची बरीच मुलं ट्रेनिंगला बाहेर जातात.

आधी ही फ्रिक्वेन्सी ऐकतं कोण ते बघा, म्हणजे एवढा कडकपणा कशासाठी ते कळेल. पायलट लोक हिला गार्ड म्हणतात. एअरलाइनचं विमान क्रूझमध्ये असताना एका रेडिओवर एटीसीशी, म्हणजे जमिनीवरच्या एअर ट्रॅफिक कंट्रोलशी, बोलत असतं आणि दुसरा रेडिओ शक्यतो १२१.५ वर लावून ठेवलेला असतो. म्हणजे घाटकोपरवरून रनवे २७ ला उतरायला येणारं विमान तुम्हाला गच्चीतून दिसतं ना, त्याच्यातही आणि त्याच्या वर पस्तीस हजार फुटांवरून मुंबई ओलांडून जाणाऱ्या विमानातही कोणीतरी ती ऐकत असण्याची शक्यता असते. व्हीएचएफ, म्हणजे हे रेडिओ ज्यावर चालतात ती लहर, साधारण नजरेच्या रेषेत जाते. अंतराचा अंदाज काढायचा असेल तर उंचीचं फुटांमधलं वर्गमूळ काढा आणि १.२३ ने गुणा, उत्तर नॉटिकल मैलात येतं. १००० फुटांवर साधारण ३९, ३००० फुटांवर ६७, आणि ३५,००० फुटांवर २३०. आता गंमत बघा, तुम्ही १००० फुटांवर असाल तर जमिनीवरच्या अँटेनाला तुम्ही चाळीस मैलांच्या पुढे ऐकू येणार नाही, मध्ये सह्याद्री आला तर त्याच्याही आधी बंद, पण वर ३५,००० वर जो आहे त्याच्या आणि तुमच्या रेंजची बेरीज होते, म्हणजे कागदावर तरी अडीचशेच्या वर. म्हणून तो एअरलाइनवाला तुमचा मेडे ऐकून पुढे पास करू शकतो, त्याला मेडे रिले म्हणतात. जुहूहून मुंबई हायला, म्हणजे समुद्रातल्या तेलक्षेत्राला, जाणारी हेलिकॉप्टरं कमी उंचीवर समुद्रावर असतात, त्यांच्यासाठी हे नुसतं गणित नाहीये.

दुसरं म्हणजे एअरबँड एएम आहे, एफएम नाही. दोन जण एकदम बोलले की एफएमवर ज्याचा सिग्नल दमदार तोच ऐकू येतो आणि दुसरा गायबच होतो, एएमवर दोघांची खिचडी होऊन शिट्टीसारखा किंचाळणारा आवाज येतो. निदान कळतं तरी की खाली अजून कोणीतरी आहे. पण शब्द जातातच. २००९ च्या १५ जानेवारीला न्यूयॉर्कमध्ये हडसन नदीत विमान उतरवलं गेलं ते सगळ्यांना माहितीय, पण रेडिओच्या बाजूने ती केस वाचा. सलनबर्गरसारखा हजारो तासांचा अनुभव असलेला कॅप्टन, आणि मेडे देताना स्वतःचा फ्लाइट नंबरच चुकला, १५४९ च्या जागी १५३९ म्हणाला. वर तो कॉल दुसऱ्या एका ट्रान्समिशनखाली दबला. तरी काम झालं, कारण पक्षी धडकले, दोन्ही इंजिनांचा थ्रस्ट गेला, लागार्डियाकडे परत वळतोय, हा गाभा त्याच्या तोंडातून बरोबर क्रमाने आला आणि विमान उडवणं त्याने एक सेकंद सोडलं नाही. मी पोरांना हेच सांगतो की प्रॅक्टिस ऑस्करला जायच्या तयारीसारखी करू नका, आवाज थरथरवायचा, धापा टाकायच्या, ते नको. क्रम तोंडात बसवा. घाबरल्यावर डोकं बंद होतं तेव्हा फक्त क्रमच बाहेर येतो.

तर क्रम. कागद घ्या आणि हे एकाखाली एक लिहा, मोबाइलवर नको, हाताने लिहा:

मेडे तीनदा
कोणाला बोलताय त्या स्टेशनचं नाव, वेळ असेल तर
आपला कॉलसाइन, म्हणजे विमानाचं रेडिओवरचं नाव, आणि विमानाचा टाइप
काय झालंय
काय करणार आहात
कुठे आहात, किती उंचीवर, कोणत्या हेडिंगवर, म्हणजे विमानाचं नाक कोणत्या दिशेला
किती माणसं आहेत
आणि काही उपयोगी असेल तर ते, इंधन किती वेळचं आहे वगैरे

भरलेला कॉल असा दिसतो: "मेडे, मेडे, मेडे, मुंबई अप्रोच, व्हिक्टर टँगो एक्स-रे यँकी झुलू, सेस्ना वन सेव्हन टू, इंजिन फेल्युअर, फोर्स्ड लँडिंग इन ओपन फील्ड, टू झिरो माइल्स साउथ ऑफ मुंबई एअरपोर्ट, टू थाउजंड फीट डिसेंडिंग, हेडिंग झिरो नाइनर झिरो, टू पर्सन्स ऑन बोर्ड." कॉलसाइन मी आपला उदाहरणाला घेतलाय, तुम्ही तुमच्या क्लबच्या विमानाचा घ्या, कारण ऐन वेळी तोच तोंडात यायला पाहिजे.

आता वेळ लावा. आयसीएओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेच्या, हिशोबाने रेडिओवर मिनिटाला शंभर शब्दांच्या वर जायचं नाही, म्हणजे वरचा कॉल नीट बोललात तर पंचवीस-तीस सेकंद. बहुतेक पोरं पहिल्यांदा बारा सेकंदात संपवतात आणि मग विचारतात बरोबर होतं का. बरोबर होतं पण लिहून कोण घेणार? पलीकडे कंट्रोलर पेनाने लिहितोय असं समजून बोला. उलट बाजूही आहे. सेस्ना १७२ इंजिन बंद पडल्यावर २००० फुटांवरून साधारण तीन मिनिटांच्या आत खाली येते, त्यातली तीस सेकंदं तुम्ही रेडिओला देताय. म्हणून कॉल पहिला येतच नाही. आधी ग्लाइड स्पीड धरा, मग शेत निवडा, रीस्टार्टचा प्रयत्न करा, मग रेडिओ. आणि वेळ कमी असेल तर यादीतलं खालचं सोडून द्या. कॉलसाइन, काय झालं, कुठे आहे, एवढं गेलं तरी माणसं शोधायला निघतात.

एक गोष्ट इथे लोक हमखास गोंधळतात. मेडे म्हटलं की लगेच १२१.५ लावायची, असं नाहीये. तुम्ही ज्या फ्रिक्वेन्सीवर ऑलरेडी बोलताय तिथेच आधी कॉल द्या, तिथल्या माणसाला तुम्ही कोण, कुठे, सगळं माहितीय. तिथून उत्तर नाही आलं, किंवा तुम्ही कोणाशीच बोलत नव्हतात आणि जवळची फ्रिक्वेन्सी माहीत नाही, तेव्हा १२१.५. ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे रडारला विमानाचा कोड दाखवणाऱ्या यंत्रावर, ७७०० हा इमर्जन्सीचा कोड, पण एटीसीने आधीच एक कोड दिलाय आणि ते तुमच्याशी बोलतायत तर ते सांगेपर्यंत तोच राहू दे. परीक्षेत हे विचारतात आणि खऱ्या आयुष्यातही हेच लागतं, इंजिन बंद असताना रेडिओचं बटण फिरवत बसायचं नसतं.

पोझिशनची प्रॅक्टिस, लोकलमध्ये

सगळ्या कॉलमध्ये पोरं अडकतात ती पोझिशनवर. इंजिन फेल्युअर सगळ्यांना म्हणता येतं, पण "मी कुठे आहे" हे एका वाक्यात सांगता येत नाही. आणि याची प्रॅक्टिस करायला मुंबईसारखं शहर नाही, कारण दिवसाचे दोन-तीन तास आपण असेही ट्रेनमध्ये लटकत असतो. नकाशावर सांताक्रूझचा एअरपोर्ट हा तुमचा केंद्रबिंदू धरा आणि स्टेशनं पाठ करा, दिशेने आणि नॉटिकल मैलांनी. मुंब्रा, ईशान्येला साधारण १०. कल्याण, त्याच दिशेने १७. पनवेल, पूर्वेला थोडं दक्षिणेकडे झुकून १५. विरार, उत्तरेला २२. कर्जत म्हणजे पूर्व-आग्नेयेला २८ च्या आसपास. अलिबागला ट्रेन जात नाही पण रेवदंड्याला मामाकडे जाणारे असालच, अलिबाग जवळपास सरळ दक्षिणेला २७. मग डोळे मिटायचे, पुढचं स्टेशन येईपर्यंत थांबायचं, आणि दार उघडल्यावर तीन सेकंदात पोझिशन मनात म्हणायची. स्टेशनं झाली की वरून काय दिसतं त्याच्यावर या, कारण वरून स्टेशनची पाटी दिसत नाही. ठाण्याची खाडी, वसईची खाडी, पवई-विहार-तुळशी एका ओळीत, कर्नाळ्याचा सुळका, उरण, घारापुरी. "नॉर्थ बँक ऑफ वसई क्रीक, जस्ट ईस्ट ऑफ द रेल्वे ब्रिज" ही एकदम चांगली पोझिशन आहे, ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर येते.

फक्त हे मनातल्या मनात किंवा पुटपुटत करा. आठ बावन्नच्या फास्टमध्ये कोणी जोरात "मेडे मेडे इंजिन फायर" म्हणालं तर पुढच्या सेकंदाला चेन ओढली जाईल आणि मग आरपीएफला आरटीआरचा सिलॅबस समजावत बसा. एअरपोर्टच्या टर्मिनलमध्ये तर मनातही नको.

दोघांची प्रॅक्टिस, हीच खरी

एकट्याने पाठ करणं हा पहिला आठवडा. त्यानंतर जोडीदार लागतो, नाहीतर कविता म्हटल्यासारखं होतं आणि परीक्षकाने मध्येच एक प्रश्न विचारला की गाडी रुळावरून खाली. घरात कोणी नसेल तर बॅचमधल्या कोणाला फोन लावा, दोघं वेगळ्या खोलीत, व्हिडिओ बंद, आणि पायलटने बोलताना पेन दाबून धरायचं, बोलून झालं की सोडायचं. हे पेन म्हणजे पीटीटी, रेडिओवर बोलताना दाबायचं बटण. हसू नका, अर्धी पोरं खऱ्या रेडिओवर पहिला शब्द खातात कारण बटण दाबायच्या आधीच बोलायला लागतात, किंवा बोलून झाल्यावर बटण सोडत नाहीत आणि मग उत्तर ऐकू येत नाही म्हणून परत ओरडतात. दाबा, अर्धा सेकंद थांबा, बोला, सोडा.

चिठ्ठ्या करा. एका डब्यात प्रॉब्लेम: इंजिनात आग, इंजिन रफ, पॅसेंजरच्या छातीत दुखतंय, रस्ता चुकलो, खाली सगळं ढगांनी झाकलं, इंधन कमी, रेडिओ कमी ऐकू येतोय. दुसऱ्या डब्यात जागा. तिसऱ्यात उंची आणि किती माणसं. तिन्हीतून एकेक उचलायची आणि दहा सेकंदात कॉल सुरू. कंट्रोलर झालेल्याने सोपं सोडायचं नाही. त्याने "रॉजर मेडे" म्हणून लगेच इंधन किती, माणसं किती असं विचारायचं, आणि पायलटला "स्टँडबाय" म्हणायची सवय लागली पाहिजे. आपल्याकडे मोठ्या माणसाने काही विचारलं की लगेच उत्तर द्यायचं हे इतकं भिनलंय की विमान हातातून जात असतानाही पोरं उत्तर देत बसतात. स्टँडबाय म्हणणं उद्धटपणा नाही, तुम्ही विमान उडवताय. कंट्रोलरने मधूनच तिसऱ्या एखाद्या विमानाचा आवाज काढून फ्रिक्वेन्सीवर बडबड करायची आणि मग स्वतःच "ऑल स्टेशन्स, स्टॉप ट्रान्समिटिंग, मेडे" म्हणून गप्प करायचं. शेवटी रद्द करायचा कॉलही द्या, इंजिन परत चालू झालं तर "कॅन्सल डिस्ट्रेस" म्हणावंच लागतं, तेही त्याच फ्रिक्वेन्सीवर. हा भाग नव्वद टक्के पोरं प्रॅक्टिसच करत नाहीत असं माझं मत, कारण त्यात थ्रिल नाही.

रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका, त्याच दिवशी नको, त्याच दिवशी आपल्याला आपलं सगळं बरोबरच वाटतं. ऐकताना आकड्यांवर लक्ष द्या. नाइन नाही नाइनर, थ्री नाही ट्री, फाइव्ह नाही फाइफ, थाउजंडचं टाउजंड. १२१.५ म्हणताना पॉइंट नाही, डेसिमल. हे वेडेवाकडे उच्चार खरखरीत आवाजात आकडे वेगळे ओळखू यावेत म्हणून ठरवलेत, कोणाला स्टाइल मारायची म्हणून नाही. आणि "अं...", "सर", "ॲक्चुअली" हे तिन्ही काढून टाका. रेडिओवर सर म्हणायची सवय आपल्याकडे कमाल पक्की आहे.

मेडे की पॅन पॅन

यावर थांबून बोलायला पाहिजे. मेडे म्हणजे गंभीर आणि अगदी समोर उभा असलेला धोका, ताबडतोब मदत हवी. पॅन पॅन म्हणजे प्रकरण सुरक्षेचं आहे, अर्जंट आहे, पण लगेच मदत पाहिजेच असं नाही, आजारी पॅसेंजर, रस्ता चुकणं, इंजिन रफ पण चालतंय. दोन्ही तीनदा म्हणायचे. पोरांना वाटतं की मेडे म्हटला तर नंतर चौकशी होईल, कागदपत्रं होतील, इन्स्ट्रक्टर ओरडेल, म्हणून ती पॅनवर येतात आणि पॅनवरून नुसत्या "रिक्वेस्ट प्रायॉरिटी" वर. हा संकोच जीवघेणा आहे हे मी उगाच म्हणत नाहीये. १९९० च्या २५ जानेवारीला अॅव्हियांका ५२ हे विमान न्यूयॉर्कजवळ घिरट्या घालून घालून इंधन संपून लाँग आयलंडवर पडलं, १५८ पैकी ७३ माणसं गेली. इंधन संपतंय असं ते रेडिओवर बोलले होते, प्रायॉरिटीही मागितली होती, पण इमर्जन्सी आहे असं घोषित केलंच नाही, मेडे हा शब्द आलाच नाही, आणि कंट्रोलरला ते बाकीच्या वैतागलेल्या विमानांसारखंच एक वाटलं. आता इंधनासाठी ठरलेले शब्दच आहेत. "मिनिमम फ्युएल" म्हणजे आता अजून उशीर परवडणार नाही हे कळवणं, ती इमर्जन्सी नाही. "मेडे मेडे मेडे फ्युएल" म्हणजे ठरलेल्या शेवटच्या राखीव साठ्यालाही हात लागणार आहे. चिठ्ठ्यांच्या डब्यात हे दोन्ही टाका आणि जोडीदाराला मुद्दाम मधली केस द्यायला सांगा, त्या केसमध्ये निर्णय घ्यायला लागणं हीच प्रॅक्टिस. शंका असेल तर वरचा शब्द वापरा. नंतर खाली उतरवता येतो.

विमानात बसल्यावर

धुळ्याला किंवा बारामतीला फ्लाइंग सुरू झालं की इन्स्ट्रक्टर थ्रॉटल मागे ओढणार आणि म्हणणार इंजिन गेलं, कर काय करायचं ते. त्या ड्रिलमध्ये मेडे कॉलही येतो. पण तो फक्त तोंडाने, पीटीटीवरून बोट बाजूला काढून, आणि फ्लाइटच्या आधीच इन्स्ट्रक्टरशी बोलून ठेवा की कॉल पूर्ण म्हणायचाय का नुसतं "मेडे कॉल, ट्रान्सपॉन्डर सेव्हन सेव्हन झिरो झिरो" असं बोट दाखवून पुढे जायचंय. मला स्वतःला दुसरी पद्धत जास्त पटते. सवयीने बोट बटणावर जातं, योकवर, म्हणजे विमानाच्या स्टिअरिंगवर, पीटीटी अंगठ्याखालीच असतो, आणि कधी कधी बटण अडकून मायक्रोफोन उघडाच राहतो. मग तुमचा नाटकातला मेडे खरोखरचा हवेत जातो. ट्रान्सपॉन्डरवरही हात लावून फक्त दाखवायचं, ७७०० फिरवायचं नाही, एकदा फिरला की तिकडे रडारवर घंटा वाजते. ७५०० तर गमतीतही नाही, तो हायजॅकचा आहे.

सिम्युलेटरवर सोपं आहे. ज्यांच्याकडे घरी बऱ्यापैकी पीसी आहे त्यांनी व्हॅटसिम हे ऑनलाइन फ्लाइट सिम्युलेटरचं नेटवर्क जरूर जॉइन करावं, तिथे व्हॉइसवर खरी माणसं कंट्रोलर म्हणून बसलेली असतात आणि इमर्जन्सी जाहीर करायला परवानगी असते, अट एवढीच की कंट्रोलरने आत्ता नको म्हटलं तर लगेच बंद करायची. गर्दीच्या इव्हेंटला करू नका, शिव्या खाल. तिथला फायदा म्हणजे अनोळखी माणूस पलीकडे असतो, मित्रासारखा सांभाळून घेत नाही.

आणि तो एक देश

ब्रिटनमध्ये प्रॅक्टिस पॅन नावाचा अधिकृत प्रकार आहे. हॅम्पशायरमध्ये स्वानविकला डी अँड डी सेल आहे, डिस्ट्रेस अँड डायव्हर्जन, रॉयल एअर फोर्सची माणसं चोवीस तास बसलेली, रेडिओवर त्यांचं नाव लंडन सेंटर. विद्यार्थ्याने आधी १२१.५ ऐकायची, कोणाची खरी इमर्जन्सी चालू नाही ना बघायचं, मग म्हणायचं "प्रॅक्टिस पॅन, प्रॅक्टिस पॅन, प्रॅक्टिस पॅन, लंडन सेंटर," आणि आपला कॉलसाइन, बस, आणि गप्प. त्यांनी हो म्हटलं की मगच बाकीचा तपशील. बिझी असतील तर नंतर या म्हणतील, वाद घालायचा नाही. खरा कॉल मध्ये आला तर तुम्ही त्या सेकंदाला बाजूला. झालं की प्रॅक्टिस संपल्याचंही सांगायचं. प्रॅक्टिस मेडे तिथेही चालत नाही, फक्त पॅन. अजून एक हलका प्रकार आहे, ट्रेनिंग फिक्स, म्हणजे रस्ता चुकलोय असं समजून मी कुठे आहे ते सांगा. त्यांच्याकडे ठिकठिकाणच्या रिसीव्हरनी तुमच्या आवाजाची दिशा पकडून जागा काढायची यंत्रणा आहे, ३००० फुटांच्या वर असाल तर ब्रिटनच्या बहुतेक जमिनीवर चालते. सोलो क्रॉस कंट्रीच्या आधी हे एकदा करून ठेवलेलं मूल खरंच हरवलं तर कॉल करायला लाजत नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा फायदा.

ही सोय सगळ्यांना आवडते असं नाही. लंडनवरून जाणारे एअरलाइनचे पायलट वैतागतात, दुसऱ्या रेडिओवर सारखी प्रॅक्टिस, मग आवाज कमी करून ठेवतात, आणि आवाज कमी केला की खरा कॉलही हुकू शकतो. दोन्ही बाजूंना दम आहे. तरी मला विचाराल तर जिथे असा सेल आणि दिशा पकडणारी यंत्रणा आहे तिथे ही पद्धत बरोबर, आणि नुसती नक्कल म्हणून आपल्याकडे कोणी सुरू करायची भाषा केली तर आधी तो सेल उभा करा मग बोलू. अमेरिकेत ट्रेनिंगला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तिथे अशी सोय नाही. तिथे गार्डवर मात्र वेगळीच तऱ्हा, काही महाभाग चक्क म्याव म्याव करतात, आणि कोणी चुकून गार्डवर बोललं की चार जण "गाआर्ड" म्हणून ओरडतात. त्यात सामील होऊ नका.

परीक्षेचं एवढंच सांगतो की आरटीआर पूर्वी टेलिकॉम खात्याचं डब्ल्यूपीसी घ्यायचं, भारतीय वायुयान अधिनियम २०२४ आला, १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला, आणि ते काम डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, आलं. त्यामुळे सीनिअरने दिलेल्या जुन्या नोट्सवरून अर्ज, फी, पॅटर्न ठरवू नका, डीजीसीएच्या साइटवर जे आहे तेच. मेडेचा फॉरमॅट मात्र तोच आहे, तो कुठल्या खात्यावर अवलंबून नाही.

ईएलटीबद्दल, म्हणजे इमर्जन्सी लोकेटर ट्रान्समीटरबद्दल, थोडं, कारण तोही १२१.५ वर बोलतो. विमान आपटलं की आपोआप चालू होणारा हा डबा ४०६ मेगाहर्ट्झवर सॅटेलाइटला ओळख पाठवतो आणि १२१.५ वर जवळ आलेल्या शोधपथकाला दिशा दाखवणारा आवाज काढतो. सॅटेलाइट १ फेब्रुवारी २००९ पासून १२१.५ ऐकत नाहीत, ४०६ च ऐकतात. आपल्याकडे ते सिग्नल इस्रोच्या बंगळुरूच्या सेंटरमधून पुढे शोध-बचाव केंद्राकडे जातात, विमानांसाठी मुंबईतही असं केंद्र आहे, आणि समुद्राचं प्रकरण असेल तर कोस्ट गार्डचं मुंबईतलं केंद्र हलतं. ईएलटीची टेस्ट हे इंजिनिअरचं काम, स्विच दिसला म्हणून दाबायचा नाही. तुम्ही करायचं ते एवढंच, लँडिंगनंतर इंजिन बंद करायच्या आधी दोन सेकंद १२१.५ लावून ऐका. वरून खाली घसरत जाणारा सायरनसारखा आवाज आला तर तुमचाच ईएलटी धडाम लँडिंगने चालू झालेला असू शकतो.

आणि तसं झालं, किंवा चुकून तुमचा प्रॅक्टिसचा मेडे हवेत गेलाच, तर गुपचूप बंद करून घरी जायचं नाही. कोणी ऐकलं असेल तर शोध सुरू झालेला असेल. त्याच फ्रिक्वेन्सीवर लगेच कॉलसाइन सांगून म्हणायचं की चुकून गेलं, इमर्जन्सी नाही, कॅन्सल. उत्तर येईपर्यंत थांबायचं, नाही आलं तर परत म्हणायचं. मग टॉवरला सांगायचं, टॉवर नसेल तर क्लबच्या ऑप्सला सांगून त्यांच्याकडून एटीसीला फोन करवायचा, आणि वेळ, फ्रिक्वेन्सी, काय बोललात ते कागदावर लिहून ठेवायचं, संध्याकाळी कोणीतरी विचारणारच.